घरातली पावलं

दुखलं असतं तर थांबलो असतो.
एवढंच म्हणणं होतं माझं, नेइआफूच्या दवाखान्यात,
कलोलाइने नर्स चिमट्यानं
माझ्या तळव्यातून शिंपल्याचा तुकडा काढत होती तेव्हा.
पेनीनं, नातवानं, खेळता खेळता बुटात लपवलेला शिंपला.
त्याच्यावर मी दिवसभर उभा होतो धक्क्यावर,
दोर ओढत, कलिंगडं उतरवत, हसत.

पाय म्हणजे घरातला म्हातारा कुत्रा.
चोर आला. भुंकला नाही.

मग हा बूट आला.
राखाडी, गुडघ्याखालपर्यंत, पाच पट्टे,
तळ होडीच्या बुडासारखा गोलसर:
पाऊल टेकत नाही, कलंडत पुढं जातं.
चवड्याखालच्या फोममध्ये जखमेपुरता खड्डा कोरलेला.
"तुमचं वजन जखमेच्या भोवती उभं राहील," ती म्हणाली,
"जखमेवर नाही."
त्यानं डावा पाय तोकडा पडला,
म्हणून सामिसोनीनं डाव्या चपलेखाली
ट्रकच्या टायरचा दीड बोटाचा थर चिकटवला
आणि पैसे घेतले नाहीत. मासे घेतले.

पण घर.
आमच्यात पायताण दारात काढतात.
आत सेलूची चटई, केवड्याच्या पानांची,
उकळलेली, समुद्रात बुडवून पांढरी केलेली,
एकेक पान नखानं चिरलेलं.
आई गेल्यावर विणायला घेतली तिनं, दोन वर्षं लागली.
तिच्यावर हा बूट?
मी पट्टे सोडायचो. खर्र, खर्र, पाच वेळा.
बूट बाहेर, कोंबड्यांच्या ताब्यात.
आत मी माणसांत.

दोन महिने गेले. जखम जिथल्या तिथं.

मग कलोलाइनेनं बुटाच्या अस्तरातून
चिंचोक्याएवढं काहीतरी काढलं.
दुसरं माझ्या कमरेच्या पट्ट्यातून.
(सही मीच केली होती, न वाचता.)
"हे बुटाची पावलं मोजतं, हे तुमची."
काल तुमची अडतीसशे.
बुटाची नऊशे.
"मग बाकीची कोण चाललं, लिसियाते?"

मी खिडकीतून बंदर बघत बसलो.
केवढंसं घर आमचं.
चूल, टाकी, अंथरूण,
पेनी रडला, रेडिओ बंद करा, वाऱ्यानं दार उघडलं.
एवढ्याशा जागेत माणूस केवढा चालतो!
बाहेर नुसता जातो आणि येतो.

सेलूला मी सांगितलं नाही.
रविवारी प्रार्थनेहून आलो, दारात वाकलो,
तर म्हणाली, राहू दे.
"चटई मी परत विणीन.
बोटं नाही विणता येत मला."
आणि लगेच, कारण ती सेलू आहे,
"चिखल मात्र पुसून ये."

आता दाराशी ओलं गोणपाट.
घरात माझा आवाज होतो: टप, घस्स. टप, घस्स.
पेनी मागून तसाच चालतो, तोंडानं घस्स करत.
चटईवर एक फिकट वाट पडली आहे
दारापासून चुलीपर्यंत, मग जरा डावीकडे.
पाहुणे आले की सेलू ती दाखवते,
अभिमानानं की तक्रार म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी जमिनीवर आरसा ठेवून
मी तळवा बघतो.
पायाची बातमी आता डोळ्यांकडून घ्यावी लागते,
दूर बेटावरच्या भावाची कुणी तिसऱ्यानं सांगावी तशी.
बरा आहे म्हणे. शर्टाच्या गुंडीएवढा उरलाय.
गुंडी लहान असते,
पण माझ्या मामाचा पाय गुंडीएवढ्यापासूनच गेला होता.

काल रात्री तहान लागली.
भांडं चुलीजवळ, बूट उशाशी.
पाच पट्टे, पाच वेळा खर्र,
सगळं घर जागं झालं असतं.
टाचेवर भार देत, श्वास धरून
गेलो, प्यालो, परत आलो,
अंग टाकलं.

सेलू पाठमोरीच होती.
अंधारातच म्हणाली,
"आठ."